कार्तिकातली करडं

कार्तिक लागला की आमच्या घरामागच्या गल्लीत करडांचे आवाज सुरू होतात. धाराशिव आता पुष्कळ वाढलंय, मोकळी जागा अशी फारशी राहिली नाही, तरी मागच्या एका कुटुंबानं हट्टानं शेळ्या ठेवल्या आहेत. काळ्याभोर, उंच पायांच्या, लोंबत्या कानांवर पांढरे शिंतोडे उडाल्यासारख्या. शेळी व्याली की मला वासावरूनच कळतं. ओली लव, चीक, पेंढा आणि सकाळच्या थंडीत मिसळलेला धूर. मी मागच्या खिडकीत जाऊन उभी राहते आणि नव्या करडाचा आधी गळा बघते. मग कपाळ. मग खालचा जबडा. माझी मुलगी हसते. म्हणते, जनावरांचे डॉक्टर बाबा होते, तू कशाला तपासतेस? मीही हसते. पण गळा बघितल्याशिवाय खिडकीतून हलत नाही.

ती सवय एका हिवाळ्यानं लावली. तेव्हा ती मुलगी माझ्या पोटात होती.

माझं माहेर अणदूरच्या पुढं, आत माळावर वसलेल्या एका लहान गावात. वडील तिथल्या शाळेत मास्तर. निजामाचा अंमल जाऊन बरीच वर्षं झाली होती, मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला होता, शाळेच्या फळ्यावरची उर्दू पुसली गेली होती. तरी वडील घाईत असले की आकडे उर्दूतच पुटपुटायचे. गाव जुनंच राहिलं होतं. एक ओढा, एक मोठी विहीर, हिवर आणि बोरींनी भरलेला माळ आणि त्या माळावर चरणाऱ्या शेळ्या. जमीन थोडी, दगड जास्त. ज्याच्या घरी चार शेळ्या, त्याच्या घरी सणाला गोडधोड.

मला पाचवा महिना होता. दिवाळीला म्हणून मी माहेरी गेले आणि तिथंच थांबले. माझे यजमान तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात होते. सगळं गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं, पुढं मीही त्यांना तसंच म्हणायला लागले. उंच, सावळे, बोलण्यापेक्षा बघण्यात रमणारे. आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं होत होती.

घरात माझा धाकटा भाऊ होता, मधू. वयानं सोळा-सतराचा, पण दिसायला आठ-नऊ वर्षांचा. डोकं मोठं, कपाळ रुंद, नाकाचा दांडा बसलेला, जीभ जाड. एक शब्द बोलायला त्याला वेळ लागायचा आणि तो पूर्ण होईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. दिवसभर तो ओट्यावर उन्हात, घोंगडं पांघरून बसायचा. चैत्रातसुद्धा. त्याला सतत थंडी वाजायची. आत्या घरी आली की त्याच्याकडं बघून हळूच, पण आईला ऐकू जाईल असं म्हणायची की हे आमच्याकडचं नव्हं, हे आईच्या घराण्याचं. आईच्या एका मावशीचा गळा सुजलेला होता, एक चुलतभाऊ मुका होता. दोघंही पलीकडच्याच गावचे. एवढा पुरावा आत्याला पुरत होता. आईनंही कधी उत्तर दिलं नाही. तिलाही तेच वाटायचं. माझं लग्न ठरताना मधूला काही दिवस मामाकडं पाठवलं होतं. डॉक्टरांनी त्याला पहिल्यांदा बघितलं ते लग्नानंतर.

मग मला दिवस गेले. सगळे आनंदात होते आणि मी रोज सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा मला मधू आठवायचा. आईचं रक्त माझ्यातही होतंच. हे मी कुणाजवळ बोलले नाही. पोटावर हात ठेवायचे आणि आतल्या जिवाचं कपाळ कसं असेल याचा विचार करायचे.

त्या कार्तिकात गावात करडं जन्माला यायला लागली आणि ती धड नव्हती.

पहिलं आमच्या शेजारच्या हौसामावशीच्या गोठ्यात झालं. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. शेतकऱ्याच्या घरची, आईच्याच वयाची, दांडग्या आवाजाची बाई. तिच्याकडं त्याच साली आणलेला, गावातला सगळ्यात देखणा बोकड होता. गावातल्या जवळजवळ सगळ्या शेळ्या त्याच्याकडंच यायच्या. तिचं करडू बघायला मी गेले, तर ते पेंढ्यावर आडवं पडलेलं. अंगावर लव जवळजवळ नव्हतीच. गळ्याखाली दोन्ही बाजूंनी गोळे. कपाळ फुगलेलं, तोंड आखूड, जसं काही कुणी नाकाकडून हळूच आत दाबलंय. मावशीनं त्याच्या तोंडात आईचा सड धरला, पण त्याला ओढता येईना. संध्याकाळपर्यंत ते गेलं. मग दुसऱ्या घरी तसंच, तिसऱ्या घरी तसंच. काही करडांना गळ्याचा गोळा नव्हता, पण खालचा जबडा तोकडा होता आणि दूध तोंडातून सांडायचं. माळावर एरवी या दिवसांत करडांच्या उड्यांनी धूळ उडायची. त्या वर्षी शेळ्या ओरडत होत्या आणि त्यांना उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

गावानं ठरवलं, दोष बोकडाचा. सगळ्या करडांचा बाप एकच होता, मग दुसरं काय असणार? काही माणसं हौसामावशीच्या दारात येऊन बसली आणि बोकड खाटकाला देऊन टाक म्हणाली. मावशी भांडली नाही. ती बोकडाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली की मास्तरांचे जावई येतायत, त्यांना एकदा बघू द्या, मग काय करायचं ते करा.

डॉक्टर आले ते दवाखान्याची पेटी घेऊनच. दिवसभर ते दारोदार फिरले. जिवंत करडांचे गळे चाचपले, शेळ्यांचे गळे चाचपले, बोकडाचं तोंड उघडून बराच वेळ बघत बसले. विहिरीचं पाणी तोंडात घेऊन चव बघितली. त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं, असं नंतर हसत म्हणाले. ऊन कलल्यावर घरी आले. मी चहा दिला. त्यांनी कप घेतला आणि त्यांची नजर माझ्या गळ्यावर थांबली. मंगळसूत्र थोडं घट्ट बसायला लागलं होतं, पण गरोदरपणात अंग भरतंच, असं आई म्हणायची आणि मीही तेच धरून चालले होते.

"शकू, एक घोट पाणी पी बघू," ते म्हणाले.

मी प्यायले. ते माझ्या गळ्याकडं बघत होते; गळ्यातली ग्रंथी फुगली असेल तर घोटाबरोबर ती वर सरकताना दिसते, हे मला पुढं कळलं. अजून एक घोट प्यायला सांगितला. मग उठून आईकडं बघितलं. आई चुलीपुढं बसली होती, पदर खांद्यावर. तिचा गळा मी जन्मापासून बघत आले होते, भरदार, गोल. बायका त्याचं कौतुक करायच्या. मग डॉक्टर ओट्यावर जाऊन मधूशेजारी बसले. चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी मेलेल्या दोन करडांची डोकी त्यांनी मागून घेतली, पाण्यात उकळून साफ केली आणि अंगणातल्या दगडावर वाळत ठेवली. आई सोवळ्याची, तिला ते आवडलं नाही. एक करडू गळ्याला गोळा असलेलं होतं, दुसरं नुसता जबडा तोकडा असलेलं. मला त्यांनी शेजारी बसवलं. मला आधी किळस आली, मग मी बघायला लागले.

कवटी हा एकच वाडगा असतो असं मला वाटायचं. ते तसं नव्हतं. कितीतरी पातळ हाडं एकमेकांच्या कडेला येऊन टेकलेली असतात. गोळा असलेल्या करडाच्या कवटीत त्या हाडांमध्ये बाळाच्या न भरलेल्या टाळूसारख्या रुंद फटी होत्या, टाचेखाली फुटलेल्या पापडाच्या तुकड्यांसारखी ती हलत होती. नाकाचं हाड बोटाच्या पेराएवढं. दुसऱ्या कवटीत फटी जवळ आल्या होत्या, नाक लांब होतं, सगळं जागच्या जागी होतं, फक्त खालचा जबडा वरच्यापेक्षा आखूड.

डॉक्टरांनी समजावलं ते मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं. पोटातल्या प्रत्येक करडाचं कपाळ आधी मोठं आणि तोंड आखूड असतं. शेवटी शेवटी तोंड पुढं वाढायला लागतं. कवटीच्या तळाशी मऊ हाडाची पट्टी असते, ती वाढते म्हणून चेहरा पुढं सरकतो. आणि ती वाढायला गळ्यातल्या ग्रंथीतून रक्तात उतरणारा रस लागतो. तो रस तयार व्हायला आयोडीन लागतं, अगदी कणभर. ते माणसाला आणि जनावराला मातीतून, पाण्यातून, चाऱ्यातून मिळतं. इथल्या माळाच्या मातीत ते कमी असावं, आणि यंदाच्या पावसानं होतं तेही वाहून गेलं असावं. मग ग्रंथी नुसती फुगत राहते, रस काही होत नाही आणि करडू जन्माला येतं ते अर्ध्या वाटेवर थांबलेलं तोंड घेऊन.

मी विचारलं, मग तो जबडा?

"तो बापाकडून आलाय. बोकडाचा जबडा बघ, दाढीत लपलाय म्हणून दिसत नाही. दोन वेगळी दुखणी एकाच वेळी आली आणि गावानं त्यांची एक मोट बांधली."

ते खरं आहे की नाही हे कळायला एकच रस्ता होता. ज्या शेळ्या उशिरा फळल्या होत्या आणि माघात व्यायच्या होत्या, त्यांना आयोडीन द्यायचं. औषध सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतं आणि सगळ्यांना नकोही होतं. मांडीच्या आतल्या बिनकेसाळ चामडीवर तांबूस औषध लावायचं, ते चुरचुरायचं, शेळ्या लाथा झाडायच्या. काही घरांनी दारं लावून घेतली. हौसामावशीनं तिच्या सगळ्या शेळ्या पुढं केल्या. ती म्हणाली, "लावा तुमी. आमी धरतो. वाईट तर झालंच हाय, आनखी काय व्हायचंय?" बोकडाला माघापर्यंत मुदत मिळाली.

आणि मला डॉक्टर सोलापूरला घेऊन गेले. तिथल्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी माझा गळा बघितला, माझ्या माहेरचं सगळं ऐकून घेतलं आणि थेंबांची बाटली दिली. रोज पाण्यातून घ्यायचे. मी घाबरत विचारलं की आता उशीर तर झाला नाही ना? त्या म्हणाल्या की लवकर आला असतात तर जास्त बरं झालं असतं, पण लग्नानंतर तुम्ही दुसऱ्या गावचं पाणी पिताय, मीठ खाताय, तेवढं तरी बाजूनं आहे. खात्री त्यांनी दिली नाही. मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, खोटी खात्री न देणं हाही एक आदर होता. मधूसाठीही त्यांनी गोळ्या दिल्या, पण सांगितलं की उंची आणि बुद्धी आता फारशी परत येणार नाही. जे व्हायचं ते पोटात आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत होऊन जातं.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. मला वाटत होतं की मी तिच्यासाठी भेट आणलीय. इतकी वर्षं तिच्या माहेरच्या रक्तावर आलेला आळ मी उतरवून टाकणार होते. ती भाकरी थापत होती. मी म्हटलं, आई, तुझ्या घराण्याचं काही नव्हतं, पाण्या-मातीत एक वस्तू कमी होती, एवढंच.

तिचे हात थांबले. काठवटीतल्या पिठाकडं बघत ती म्हणाली, "रक्तातलंच असतं तर बरं होतं गं, शकू."

मला कळेना. मग ती हळूहळू बोलली. रक्तातलं आहे म्हणून ती गप्प बसली होती. त्याला इलाज नव्हता, ना तिच्याकडं ना देवाकडं. सासरच्यांनी बोललेलं तिनं गिळलं, कारण तिला ते खरं वाटत होतं आणि जे खरं आहे त्याच्याशी भांडून काय करायचं? आता तिला कळत होतं की बाटलीतल्या चार थेंबांनी तिचं पोरगं सरळ उभं राहिलं असतं. ते थेंब जगात होते. सोलापूरला होते. तिला कुणी सांगितलं नाही एवढंच.

डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. आईनं त्यांच्याकडं वळून विचारलं, "जावईबापू, मग शकूला का नाही झालं? ती पण याच विहिरीचं पाणी प्यायली."

ते म्हणाले की हे मला नक्की सांगता येत नाही. कमी मिळालं तरी एखादं शरीर तेवढ्यात भागवतं, एखाद्याला नाही भागत. तो फरक कदाचित रक्तातला असेल. आई पुन्हा भाकरी थापायला लागली. त्यानंतर कितीतरी दिवस ती कामापुरतंच बोलायची.

माणसाला आपल्या दुःखाचं कारण एकच हवं असतं, असं मला पुढं अनेकदा वाटलं. गावाला बोकड हवा होता, आत्याला आईचं घराणं हवं होतं, मला पाणी हवं होतं. एकच कारण सापडलं की माणूस मोकळा होतो, निदान कुणावर बोट दाखवायला. पण एक साधं हाड वाढायलासुद्धा कितीजण लागतात. आईबापांकडून आकार येतो, मातीकडून कण येतो, गळ्यातली ग्रंथी वेळ सांभाळते. कुठं काय चुकलं हे डोकं जन्माला आल्यावरच कळतं.

मार्गशीर्ष, पौष गेले. ज्वारी निसवली, हुरड्याचे दिवस आले, आगटीत भाजलेल्या कणसांचा वास गावभर पसरला. मला तो हिवाळा मुख्यतः शेळ्यांच्या पोटांचा आठवतो. मी रोज दुपारी हौसामावशीकडं जायचे. औषधाचे तांबूस डाग असलेल्या शेळ्या कडब्याला टेकून रवंथ करत असायच्या आणि मी त्यांच्या फुगलेल्या कुशींकडं बघत बसायचे. मावशी ओळखून होती. एकदा माझ्या हातात ओला हरभरा देत म्हणाली की पोरी, ह्या माझ्या शेळ्या तुझ्याआधी बाळंत व्हनार हायत, जे काय असंल ते त्येंच्याकडनं कळंल.

माघात पहिली शेळी व्याली तेव्हा सकाळचं ऊन नुकतं अंगणात आलं होतं. जुळं झालं. मावशीनं पहिलं करडू पुसून माझ्यापुढं धरलं. मी त्याच्या गळ्याला हात लावला. ओला, सडपातळ, नुसती नळी हाताला लागली. अंगभर काळी लव. नाक लांब, टोकाशी ओलसर. ते माझ्या बोटालाच लुचायला लागलं. मी तिथंच पेंढ्यावर बसले आणि रडले. दुसऱ्या करडाचाही गळा साफ होता, पण खालचा जबडा तोकडा होता. पुढं औषध लावलेल्या शेळ्यांची बहुतेक करडं अशीच बिनगोळ्याची झाली, आणि त्यांतल्या काहींना बापाचा जबडा आला. ज्या घरांनी दारं लावली होती तिथं पुन्हा गोळेच.

बोकडाचा जीव वाचला, पण त्याचं देखणेपण संपलं. हौसामावशीनं स्वतःच त्याला खच्ची करून घेतलं. अर्धा आळ खोटा होता, अर्धा खरा होता, असं ती ज्याला त्याला सांगायची. खरा होता त्याची शिक्षा तिनं स्वतःच्या हातानं दिली, आणि पुढच्या सालासाठी कळंबच्या बाजारातून दुसरा बोकड आणला.

त्याच सुमाराला मधूच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला लागला. उंची वाढली नाही, बोलणं फार सुधारलं नाही. पण त्याची कातडी मऊ झाली, चेहऱ्यावरची सूज ओसरली आणि एक दिवस भर दुपारी त्यानं घोंगडं बाजूला टाकलं आणि आईला हाक मारून म्हणाला की उकडतंय. आई चुलीपासून पळत आली. त्याला कधी उकडलेलं तिनं ऐकलं नव्हतं. ती पदरानं त्याला वारा घालत बसली, थंडीच्या दिवसांत, ओट्यावर, येणारी-जाणारी माणसं बघत होती तरी. मधू पुढं चाळिशीपर्यंत जगला. वडील गेल्यावर आई आणि तो आमच्याकडंच होते. छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा माझी मुलगी त्याच्या उशाशी होती.

तिचा जन्म फाल्गुनातला. सुईणीनं तिला उचललं तेव्हा मी विचारलं ते मुलगा की मुलगी हे नव्हे. मी गळा विचारला. आईनं बाळ सरळ माझ्या छातीवर ठेवलं, मी स्वतः बघावं म्हणून.

बाळ महिन्याचं झालं असेल. आई रोज सकाळी तिला न्हाऊ घालायची आणि मांडीवर घेऊन टाळू भरायची. वाटीतलं कोमट तेल चमच्यानं डोक्याच्या मधोमध सोडायचं आणि बोटांच्या टोकांनी हळूहळू जिरवायचं. आईचं बोट त्या मऊ जागेभोवती फिरायचं, तिची कड शोधायचं. काल किती होती, आज किती आहे. ती काय मोजतेय हे मला माहीत होतं, मी विचारत नव्हते. डॉक्टर त्या दिवशी आलेले होते, दाढी करत आरशापुढं बसले होते. मधू येऊन आईच्या गुडघ्याला टेकून बसला. त्यानं बाळाच्या डोक्याकडं बघितलं, मग स्वतःच्या डोक्यावर हात फिरवला. आमचं हिवाळाभरचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. तो ऐकत असतो हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

"माझं… भरलं नव्हतं?" त्यानं विचारलं.

आईच बोलली. म्हणाली की नाही रे बाळा, तू चालायला लागलास तरी नव्हतं भरलं. मी रोज तेल घालायची.

त्यानं बाळाकडं बोट केलं. "हिचं?"

डॉक्टरांनी वस्तरा खाली ठेवला. "हिचं भरेल, मधू. वेळेवर भरेल."

मधू विचार करत राहिला. शब्द त्याच्या तोंडात जमायला नेहमीसारखाच वेळ लागला आणि त्या दिवशी आम्ही कुणीही दुसऱ्या विषयावर गेलो नाही.

"मग बरं," तो म्हणाला.

आईनं डोळे मिटले. क्षणभरच. मग तिनं थोडं सरकून त्याला जागा केली, तेलाची वाटी त्याच्या हातात दिली आणि त्याची आखूड, रुंद बोटं आपल्या हातात धरून बाळाच्या डोक्यावर नेली.

"हळू," ती म्हणाली. "इथं अजून मऊ आहे."